स्कीइंगची भीती आणि आत्मविश्वास: बर्फाच्या उतारावर नव्याने उभे राहणाऱ्यांसाठी

स्की पायांत अडकवून मी पहिल्यांदा उतारावर उभी राहिले तेव्हा वयाची चाळिशी ओलांडली होती. खालून पाहताना जी उतरण अगदी सौम्य वाटली होती, तीच वर पोहोचल्यावर पायांखालून निसटून चालल्यासारखी भासू लागली, आणि शेजारून पाच-सहा वर्षांची मुले सहज घसरत जात असताना माझे गुडघे मात्र लटपटत होते. त्या दिवशी जो तो मला एकच सांगत होता, की घाबरू नकोस. घाबरू नये म्हणून नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नव्हते. पुढच्या चार हिवाळ्यांत, दोनदा पार माघार घेऊन आणि तीन वेगवेगळ्या शिक्षकांकडे शिकून मला जे उमगले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की स्कीइंगमधला आत्मविश्वास मनाची समजूत घालून येत नाही. हव्या त्या ठिकाणी आपल्याला थांबता येते आणि उतार अंगावर आला तरी सावकाश खाली येता येते, याची शरीराला खात्री पटली की भीती निवळू लागते. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये वळणे आणि वेग यांच्याआधी थांबणे येते. ज्यांना एकच भाग वाचण्याइतका वेळ आहे, त्यांनी सहावी पायरी वाचावी.

१. भीती नेमकी कशाची आहे, ते ओळखा

‘मला भीती वाटते’ एवढ्यावर थांबू नका. कोणाला वेगाची भीती असते, कोणाला पडून हाड मोडण्याची, कोणाला मागून येणाऱ्या लोकांची, कोणाला चेअरलिफ्टची (तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांची), तर कोणाला केवळ उंचीची. काहींना यांपैकी कशाचीच नसते. आपल्यामुळे बरोबरच्या मंडळींचा खोळंबा होतो, या संकोचानेच ती अवघडलेली असतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. वेगाची भीती थांबण्याच्या सरावाने जाते, गर्दीची भीती नियम समजून घेतल्याने आणि वेळ नीट निवडल्याने कमी होते, आणि संकोचावर उपाय म्हणजे सोबतच्यांशी आधीच स्पष्ट बोलून त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ देणे. एका कागदावर आपली भीती एका वाक्यात लिहून पाहा. ते वाक्य पुढे शिक्षकाला सांगण्यासाठीही उपयोगी पडते.

याबरोबर एक गोष्ट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. भीती वाटली की माणूस दरीपासून दूर, म्हणजे मागे डोंगराकडे झुकतो. एरवी ही सहजक्रिया आपल्याला वाचवते, पण स्कीवर तीच घात करते. वजन टाचांवर गेले की स्कीचा पुढचा भाग हलका होतो आणि बर्फाला नीट धरत नाही, आणि वळणाची सुरुवात तर तिथूनच होत असते. वळण होत नाही म्हणून स्की उताराच्या दिशेने धावू लागतात, वेग वाढतो, आणि वेग वाढला म्हणून आपण आणखी मागे झुकतो. नवशिक्यांचे पडणे पुष्कळदा असेच घडते. ‘मला हे जमणारच नाही’ असे ज्यांना वाटते, त्यांच्या बाबतीत दोष धाडसाचा नसून वजन चुकीच्या जागी असण्याचा असतो, आणि वजनाची जागा शिकून बदलता येते.

२. साहित्य आणि कागदपत्रे आधी जमवा

बर्फावर जाण्यापूर्वी पुढील गोष्टी तयार असाव्यात:

- नीट बसणारे स्की-बूट, आणि नवशिक्यांसाठीच्या मऊ स्की, ज्यांची उंची साधारण तुमच्या हनुवटीपर्यंत असावी
- स्कीइंगसाठीचे हेल्मेट (ईएन १०७७ हे त्याचे युरोपीय मानक आहे) आणि त्यावर बसणारा गॉगल
- जलरोधक जाकीट, पँट व हातमोजे, आणि आत घाम शोषून बाहेर टाकणारा थर. सुती कपडे टाळावेत, कारण ते भिजले की वाळत नाहीत आणि अंग गारठते
- पातळ, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या लोकरी मोज्यांचा एकच जोड
- सनस्क्रीन आणि ओठांसाठी मलम. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरणे परत फेकतो
- ओळखपत्र, लिफ्टचा पास, उतारांचा नकाशा, आणि त्या ठिकाणच्या बचाव पथकाचा क्रमांक फोनमध्ये
- हिवाळी खेळांचा स्पष्ट उल्लेख असलेली विमा पॉलिसी. डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च, विशेषतः हेलिकॉप्टरचा, तिच्यात धरला आहे का, हे शब्द न् शब्द वाचून पाहावे

यांपैकी बुटांवर जास्तीत जास्त वेळ खर्च करा. मी पहिल्या वर्षी एक माप मोठे बूट घेतले, कारण ते दुकानात आरामदायक वाटले. बर्फावर मात्र पाय आतल्या आत सरकत राहिला. मी गुडघा वळवीत होते आणि स्की पुष्कळ उशिरा वळत होती. आपण सांगतो ते स्की ऐकत नाहीत ही भावना त्या बुटांमुळे होती, आणि मी तिला माझी अपात्रता समजत राहिले. योग्य बूट कसा ओळखावा? सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या बाजूला हलकेच टेकावीत, आणि गुडघे पुढे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटे किंचित मागे यावीत. टाच अजिबात उचलली जाता कामा नये. पँटची आतली कड किंवा दुसरा मोजा बुटात कोंबू नका. तासाभरात तिथे असह्य दुखू लागते.

दुसरा सापळा बाइंडिंगचा आहे. बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना सोडून देणारा हा भाग तुमचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची पातळी पाहून एका आकड्यावर लावला जातो. दुकानात संकोचापोटी वजन चुकीचे सांगणे किंवा ‘थोडेफार येते’ असे म्हणून पातळी वाढवून सांगणे धोक्याचे आहे. आकडा जास्त लागला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. कमी लागला तर स्की भलत्या वेळी निसटते. खरे वजन सांगा आणि पातळी ‘नवशिका’ अशीच सांगा. तो आकडा स्वतः स्क्रूड्रायव्हरने कधीही बदलू नका.

३. शिक्षक निवडा, मित्र नव्हे

ज्याला उत्तम स्कीइंग येते त्याला ते शिकवता येतेच असे नाही. आपण पहिल्या दिवशी काय अनुभवले, हे बहुतेक अनुभवी लोक विसरून गेलेले असतात, आणि प्रेमापोटी ते तुम्हाला तुमच्या कुवतीबाहेरच्या उतारावर नेतात. किमान पहिले तीन दिवस प्रशिक्षित शिक्षकाकडे शिका. गटात शिकणे भित्र्या माणसाला बरेचदा अधिक मानवते, कारण इतरही पडत आहेत हे दिसते आणि आपली पाळी येईपर्यंत श्वास घ्यायला उसंत मिळते. मात्र गट तुमच्यापेक्षा वेगाने पुढे जात असेल, तर मागे फरपटत जाण्याऐवजी खालच्या गटात बदलून मागा.

पहिल्याच भेटीत शिक्षकाला पहिल्या पायरीतले तुमचे वाक्य सांगा. माझ्या दुसऱ्या शिक्षिकेने ते ऐकल्यावर तो पूर्ण दिवस मला एकदाही लिफ्टवर नेले नाही, आणि शिकण्याच्या साऱ्या दिवसांत तोच मला सर्वांत फलदायी ठरला.

४. सपाट बर्फावर पडायला आणि उठायला शिका

आधी एकच स्की लावून सपाट जागेवर चाला, मग दुसरी एकटी लावून चाला, मग दोन्ही. बेडकासारखे टोके बाहेर फाकवून आणि शिडी चढल्यासारखे आडवे पाऊल टाकून थोडे वर चढा. हे कंटाळवाणे वाटते, पण पायाला जोडलेल्या लांब फळीची सवय इथेच होते.

त्यानंतर मुद्दाम पडा. तोल जातो आहे असे वाटले, की बाजूला आणि उताराच्या वरच्या अंगाला बसल्यासारखे पडावे, हात पुढे ठेवावेत आणि मागे हात टेकवून स्वतःला सावरण्याचा प्रयत्न करू नये. घसरत असताना पुन्हा उभे राहण्याची धडपड हे गुडघ्याचा अस्थिबंध फाटण्याचे एक ठरलेले कारण आहे. पूर्ण थांबेपर्यंत पडूनच राहावे. पडताना पोल (तोलासाठी हातात धरायची काठी) मुठीत राहिला तर अंगठा बाहेर ओढला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध दुखावतो. ही दुखापत इतकी नेहमीची आहे की तिला ‘स्कीयर्स थंब’ असे नावच पडले आहे. त्यामुळे पहिले काही दिवस पोलचे पट्टे मनगटात अडकवू नका, आणि पडताना पोल सोडून द्या.

उठताना आधी दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणा, म्हणजे त्या पळणार नाहीत. मग कुल्ले स्कीच्या जवळ ओढून घ्या आणि वरच्या हाताने रेटा देऊन उभे राहा. जमत नसेल तर वरच्या पायाची स्की काढा. त्यात काहीही कमीपणा नाही. दहा वेळा पडून दहा वेळा उठल्यावर पडण्याविषयीची निम्मी धास्ती सरते, कारण मनाने रंगवलेले पडणे प्रत्यक्षातल्या पडण्यापेक्षा कितीतरी भयंकर असते.

५. थांबणे पक्के करा

सर्वांत सौम्य उतारावर, जिथे काहीही न करता खाली सपाटीवर आपोआप थांबता येते, तिथे स्नोप्लाऊ शिका. स्कीची टोके एकमेकींजवळ, मागची टोके दूर, गुडघे किंचित आत, आणि आतल्या कडा बर्फावर. मुलांना शिकवताना याला ‘पिझ्झा’ म्हणतात, कारण आकार त्या त्रिकोणी तुकड्यासारखा होतो. मागची टोके जितकी फाकवाल तितका वेग कमी होतो.

आता नुसते थांबता येणे पुरेसे धरू नका. बर्फावर एखादी खूण निवडा, एखादा खांब किंवा पडलेला हातमोजा, आणि त्याच्या बरोबर शेजारी थांबा. मग थांबण्याची दुसरी रीत शिका, म्हणजे वळण घेऊन स्कीची टोके उताराच्या वरच्या दिशेला नेणे. स्की डोंगर चढू शकत नाहीत, त्यामुळे त्या हळूहळू थांबतातच. उभ्या उतारावर स्नोप्लाऊ अपुरा पडतो आणि मांड्या भरून येतात, तिथे हीच रीत कामी येते. सलग दहा वेळा ठरवलेल्या जागी थांबता येईपर्यंत पुढच्या उताराकडे पाहू नका. अकराव्या वेळी मला जाणवले होते, की मी थांबण्याविषयी विचारच केला नव्हता.

६. बाजूने सरकत उतरायला शिका

पहिल्या वर्षी, तिसऱ्या दिवशी, बरोबरच्या दोन अनुभवी मंडळींनी मला आग्रहाने वरच्या लिफ्टवर नेले. सुरुवात रुंद आणि सोपी होती. मग एका वळसानंतर उतार एकदम खाली कोसळला, बर्फ घासून चकचकीत झाला होता, आणि ती दोघे वाट पाहत पुष्कळ खाली उभी होती. मी एका कडेला स्की आडव्या करून उभी राहिले आणि तिथून मला पाऊणएक तास हलता आले नाही. गॉगलच्या आत काच धूसर झाली होती. पोल इतके घट्ट आवळले होते की हातमोज्यांच्या आत बोटे बधिर झाली. जवळून कोणी गेले की स्कीच्या कडांची खरखर ऐकू येई आणि प्रत्येक वेळी मी डोळे मिटून घेत असे.

शेवटी शिष्यांचा गट घेऊन खाली चाललेली एक शिक्षिका थांबली. तिने मला वळायला सांगितलेच नाही. तिने माझ्या खालच्या बाजूला उभे राहून फक्त एवढेच करायला सांगितले, की गुडघे थोडे दरीकडे सैल सोडायचे आणि लगेच पुन्हा डोंगराकडे आणायचे. मी वीतभर खाली सरकले आणि थांबले. पुन्हा वीतभर. मग हातभर. दहा मिनिटांत मी तो सगळा तुकडा उतरले होते, एकही वळण न घेता.

हे कौशल्य असे आहे. उताराला पूर्ण आडवे उभे राहा, पायांत नितंबांइतके अंतर ठेवा, वरची स्की बोटभर पुढे आणि वजन मुख्यतः खालच्या स्कीवर. छाती थोडी दरीकडे वळलेली असावी. गुडघे डोंगराकडे कलले की स्कीच्या वरच्या कडा बर्फात रुततात आणि तुम्ही थांबता. गुडघे सैल सोडले की स्की सपाट होतात आणि तुम्ही बाजूने, आडवेच, खाली सरकता. सरकताना पुढे जाऊ लागलात तर वजन पुढे जास्त पडते आहे, मागे जाऊ लागलात तर टाचांवर. वजन तळपायाच्या मध्यावर आणा. चूक एकच होते, ती म्हणजे भीतीने अंग डोंगराकडे टेकवणे. तसे केले की खालच्या स्कीवरचे वजन निघून जाते, तिची कड सुटते आणि माणूस बाजूवर आपटतो. म्हणून मनाला पटत नसले तरी वरचे अंग दरीच्या बाजूला राखावे लागते.

दोन्ही बाजूंनी, म्हणजे उजवा पाय खाली ठेवून आणि डावा पाय खाली ठेवून, सराव करा. एक बाजू नेहमी अधिक अवघड जाते. हे एकदा जमले की तयार केलेल्या रुंद उतारांपैकी फारच थोडे असे उरतात, जिथून तुम्हाला उतरताच येणार नाही. माझ्या मते हा सराव पहिल्या दोन दिवसांतच शिकवला गेला पाहिजे. तुमच्या शिक्षकाने तो घेतला नाही, तर आवर्जून मागून घ्या.

७. रंग वाचा, पण बर्फही वाचा

उतारांना रंग दिलेले असतात. युरोपात निळा सोपा, तांबडा मध्यम आणि काळा अवघड. काही देशांत निळ्याच्या आधी हिरवाही असतो. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा खुणा आहेत, तर जपानमध्ये हिरवा, तांबडा आणि काळा. ऑस्ट्रिया-जर्मनीकडच्या पद्धतीत निळ्या उताराचा चढ साधारण २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १४ अंश, आणि तांबड्याचा ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ अंश असतो. त्यातही छोटे तुकडे याहून उभे असू शकतात. रंग त्या त्या ठिकाणच्या इतर उतारांच्या तुलनेत दिलेला असतो, त्यामुळे एका डोंगरावरचा निळा दुसऱ्या डोंगरावरच्या तांबड्याइतका कठीण निघू शकतो. नव्या जागी गेलात की आपल्या पातळीच्या एक रंग खालून सुरुवात करा.

रंग चढाविषयी सांगतो, बर्फाविषयी नाही. रात्री गोठलेला उतार सकाळी लवकर कडक आणि निसरडा असतो, तर उन्हाच्या दिवशी दुपारनंतर तोच उतार जड, खिचखिचीत होतो आणि त्यावर लोकांनी लोटलेल्या बर्फाचे ढिगारे तयार होतात. ढगाळ दिवशी सावल्या नाहीशा होतात आणि पायाखालचा खड्डा किंवा उंचवटा डोळ्यांना दिसतच नाही. अशा वेळी मी स्वतः कितीतरी वेळा उगाच घाबरले आहे, कारण शरीराला आपण आंधळेपणाने चाललो आहोत हे कळत असते. तेव्हा फिक्या काचेचा गॉगल, शक्यतो एस १ श्रेणीचा, लावा आणि झाडांमधून जाणारा उतार निवडा. खोडांच्या गडद रेषांमुळे जमिनीचा अंदाज येतो.

८. लिफ्टची धास्ती

जमिनीवरच्या सरकत्या पट्ट्यापासून सुरुवात करा. चेअरलिफ्टवर जाताना पोल दोन्ही एका हातात घ्या, खांद्यावरून मागे पाहत खुर्ची येऊ द्या आणि ती पोटऱ्यांना लागली की बसा. खुर्चीचा सुरक्षा दांडा खाली घ्या. वर पोहोचताना सूचनेच्या पाटीजवळ दांडा उचला, स्कीची टोके वर करा, खुणेच्या रेषेवर उभे राहा आणि सरळ घसरत पुढे जाऊन बाजूला व्हा. उतरल्या जागीच थांबू नका. ओढून नेणाऱ्या लिफ्टच्या दांड्यावर मात्र बसायचे नसते. उभेच राहून त्याला आपल्याला ओढू द्यायचे असते. पहिली वेळ असेल तर लिफ्टवरच्या कर्मचाऱ्याला तसे सांगा. ते लिफ्टचा वेग कमी करतात.

९. उतारावर भीती दाटून आली तर

कडेला, वरून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी थांबा. उंचवट्याच्या लगेच खाली कधीही उभे राहू नका. स्की आडव्या करा आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्या: घेतल्याच्या दुप्पट वेळ सोडत राहा, असे पाच-सहा वेळा. मुठी सैल करा. जबडाही आवळलेला असतो, तोही सोडा.

मग पूर्ण उताराकडे पाहणे बंद करा. पुढच्या एका वळणाची जागा ठरवा आणि ते वळण घेऊन थांबा. पुन्हा एक. जिथे जायचे आहे तिथे पाहा. झाडाकडे किंवा कडेच्या जाळीकडे टक लावलीत तर शरीर तिकडेच वळते. वळताना मनात एकच सूचना असू द्या. माझी सूचना ‘नडगी’ ही आहे. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली जाणवते आहे का, एवढेच मी तपासते. ती टेकलेली असेल तर वजन पुढे आहे, आणि वजन पुढे असेल तर स्की वळणारच. काही जण मोठ्याने आकडे मोजतात किंवा गुणगुणतात, त्यामुळे श्वास कोंडून धरला जात नाही. आठ-दहा सूचना एकाच वेळी आठवण्याचा प्रयत्न मात्र करू नका.

यातले काहीच जमले नाही तर सहावी पायरी आहेच. तेही शक्य नसेल तर स्की काढून अगदी कडेने चालत उतरता येते. मात्र बर्फ कडक आणि उतार उभा असेल तर बूट घसरतात, तेव्हा जागेवर थांबून बचाव पथकाला फोन करणे अधिक शहाणपणाचे.

१०. इतरांची भीती आणि दहा नियम

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये उतारावरील वर्तनाचे दहा नियम घालून दिले, आणि ते अनेक देशांत प्रमाण मानले जातात. भित्र्या नवशिक्याला त्यांतला तिसरा नियम मोठा दिलासा देणारा आहे: मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची, की पुढच्याला धोका पोहोचणार नाही. म्हणजे तुम्ही हळू जात असाल तर तुम्हाला सांभाळून घेण्याची जबाबदारी वरून येणाऱ्यावर आहे. सतत मागे वळून पाहण्याची गरज नाही, आणि तसे पाहिल्याने तोलच जातो. तुमच्याकडून अपेक्षा अशी, की निघण्यापूर्वी वर आणि खाली दोन्हीकडे पाहावे, अरुंद किंवा न दिसणाऱ्या जागी थांबू नये, आणि पडलात तर लवकरात लवकर वाट मोकळी करावी. कोणी जखमी दिसले तर मदत करणे हेही कर्तव्यच आहे; त्या व्यक्तीच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीच्या आकारात रोवून इतरांना इशारा देतात.

गर्दीच टाळायची असेल तर लिफ्ट सुरू होताच या किंवा लोक जेवायला जातात त्या वेळी सराव करा. दिवस संपताना सगळे एकाच वाटेने खाली येतात, त्या तासाला नवशिक्यांनी त्या वाटेवर नसलेलेच बरे.

११. पुढे कधी जावे, आणि कधी थांबावे

एका वेळी एकच गोष्ट बदला. नवा उतार असेल तर वेग जुनाच ठेवा. वेग वाढवायचा असेल तर तो ओळखीच्या उतारावर वाढवा. बर्फ कडक असेल तर त्या दिवशी रंग एक पायरी खाली आणा. ज्या उतारावर तुम्ही बोलत बोलत, हवे तिथे थांबत खाली येऊ शकता, तो उतार तुमचा झाला, असे समजा. मगच पुढचा. दिवसाची सुरुवातही दररोज अशाच एखाद्या ‘आपल्या’ उतारावर करा, काल कितीही चांगले जमले असले तरी.

मोठे पडणे झाले तर आधी दुखापत तपासा. डोक्याला मार बसला असेल तर त्या दिवशी पुन्हा स्कीवर उभे राहू नका आणि डॉक्टरांना दाखवा. काही लागले नसेल, तर शक्य तितक्या लवकर सोप्या उतारावर दोन-तीन फेऱ्या घ्या, म्हणजे दिवसाची शेवटची आठवण पडण्याची राहणार नाही. ज्या जागी पडलात तिथे लगेच परत जाण्याचा हट्ट मात्र धरू नका. ती जागा दोन दिवसांनीही तिथेच असते.

थकवा येण्याआधी थांबा. मांड्या थरथरू लागल्या, वळणे उशिरा होऊ लागली किंवा साध्या जागी दोनदा तोल गेला, की तो इशारा समजा. ‘आता शेवटची एक फेरी’ असे कोणी म्हटले तरी तुम्हाला ती घ्यायची नसेल तर नाही म्हणा. अनेक ठिकाणी बंद डब्याच्या लिफ्टमधून खालीही परतता येते. सकाळी पहिल्यांदा वर जातानाच ती खाली उतरण्यासाठी किती वाजेपर्यंत सुरू असते, हे विचारून ठेवा.